जॉन हंटर यांचें हृदय

१६ ऑक्टोबर १७९३ रोजीं लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयांत चालकांची सभा भरली होती. प्रश्न दोन विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा होता. त्यांची बाजू मांडीत असतां विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्या विधानास एका सहकाऱ्यानें आक्षेप घेतला. हंटर बोलावयाचे थांबले, राग गिळून शेजारच्या दालनांत गेले, आणि तेथेंच कोसळून गतप्राण झाले. त्यांचें वय त्या वेळीं पासष्ट वर्षांचें होतें.

हा शेवट त्यांस अनपेक्षित नव्हता. १७७३ पासून त्यांस छातींत कळा येत, आणि श्रमांहूनहि क्रोध त्यांस अधिक बाधे. आपणांस चिडवूं पाहणाऱ्या कोणाहि सोम्यागोम्याच्या हातीं आपला प्राण आहे, अशा अर्थाचें ते बोलून दाखवीत असें सांगतात. या व्याधीचें वर्णन विल्यम हेबर्डन यांनीं १७६८ सालीं लंडनच्या वैद्यमंडळापुढें केलें होतें, व तें १७७२ सालीं छापून निघालें. चालतांना, विशेषतः चढण चढतांना वा जेवणानंतर लगेच चालतांना, छाती आवळून येते आणि उभें राहतांच कळ थांबते, हें लक्षण त्यांनीं अचूक टिपलें. कारण मात्र त्यांच्या हातीं लागलें नव्हतें.

तें लागलें हंटर यांच्याच एका शिष्याच्या. पुढें देवीच्या लशीमुळें जगद्विख्यात झालेले एडवर्ड जेन्नर हे अशा एका रोग्याचें शव तपाशीत असतां त्यांच्या सुरीस कांहींसें कठीण व खरखरीत लागलें. छताचा चुना पडला असावा असें वाटून त्यांनीं वर पाहिलें. परंतु तो चुना नव्हता. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच हाडासारख्या टणक झाल्या होत्या! हीच व्याधी आपल्या गुरूंस आहे, हें जेन्नर जाणून होते. निदान प्रसिद्ध करणें म्हणजे गुरूंस त्यांची मृत्युपत्रिका वाचून दाखविण्यासारखेंच होतें. म्हणून त्यांनीं मौन धरिलें. हंटर यांच्या मृत्यूनंतर शवपरीक्षेंत त्यांच्याहि हृदयरोहिणी तशाच टणक झालेल्या आढळल्या. १७९९ सालीं केलेब पॅरी यांनीं आपल्या ग्रंथांत हें मत जगापुढें मांडलें.

आतां क्रोधानें प्राण जावा कसा? क्रोधाच्या वेळीं नाडी जलद होते व रक्ताचा दाब चढतो. दाब चढला कीं हृदयास अधिक जोरानें रक्त लोटावें लागतें, आणि अधिक कामास अधिक प्राणवायु लागतो. निरोगी रोहिणी रुंदावून ही मागणी पुरवितात; अरुंद झालेल्या रोहिणींस तें साधत नाहीं. घरांत खर्च वाढावा आणि मिळकत तेवढीच राहावी, तशी ही ओढाताण होय. दाब वर्षानुवर्षें चढलेलाच राहिला तर हृदयाचा स्नायु जाड होतो, त्याची भूक वाढते. शिवाय त्याच दाबानें रोहिणींच्या भिंतींस इजा पोहोंचून त्या आणखी अरुंद होतात. म्हणजे एकच वैरी दोन्ही बाजूंनीं कोंडी करितो.

हंटर यांच्या दाबाचें मोजमाप होणें मात्र त्या काळीं शक्य नव्हतें. स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या रोहिणींत नळी घालून रक्त आठ फूट तीन इंच चढल्याचें १७३३ सालीं नोंदविलें होतें. पण हा प्रयोग माणसावर कोण करणार? १८९६ सालीं इटलींत रीव्हा-रोच्ची यांनीं दंडास बांधण्याचा पट्टा काढिला, आणि १९०५ सालीं रशियांत कोरोत्कोव्ह यांनीं त्याखालीं नाडीचे ध्वनि ऐकण्याची युक्ति दिली. तरीहि वाढत्या वयांत दाब चढणें स्वाभाविकच, असें मानणारे वैद्य पुष्कळ होते. १९४८ सालीं अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं पांच हजारांहून अधिक माणसांची पाहणी सुरू झाली, आणि दाब जितका अधिक तितकें हृदयविकाराचें भय अधिक, हें तिनें दाखवून दिलें.

मग दाब शक्य तितका खालीं आणावा, असें कोणास वाटेल. येथेंच एक गुंतागुंत आहे. हृदय आपलें स्वतःचें रक्त मुख्यतः विसाव्याच्या क्षणीं घेतें, आणि त्या वेळचा दाबच तें अरुंद वाटेंतून पुढें ढकलतो. १९८७ सालीं क्रुकशँक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें, कीं आधींच हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडलेल्या रोग्यांत विसाव्याचा दाब ८५ ते ९० यांखालीं गेला असतां मृत्यु पुन्हां वाढले. इतरांत तसें दिसलें नाहीं. हा उताराच मृत्यूचें कारण होता कीं मूळच्या अशक्तपणाची ती खूण होती, यावर पुढें बराच वाद झाला. दाब उतरविणें हितावहच, ही मुख्य गोष्ट त्यानें ढळली नाहीं. मात्र अशा हृदयाच्या बाबतींत तो किती व किती वेगानें उतरवावा, याचा विवेक वैद्यास ठेवावा लागतो.

जेन्नर यांचें मौन दयेचें होतें, कारण त्यांच्यापाशीं उपाय नव्हता. आज उपाय आहे, आणि दंडास पट्टा बांधून दोन मिनिटांत दाब कळतो. अशा काळीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या दुखण्याविषयीं मौन धरणें ही दया नव्हे.