न्यूयॉर्कमधील कॅबरे आणि पोलिसांचे ओळखपत्र

'कॅबरे' हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः हिंदी चित्रपटांतील नृत्यप्रसंगांमुळे. साहजिकच झगमगाट, मद्य आणि काहीशी सवंग करमणूक ह्या कल्पना त्या शब्दाला चिकटल्या आहेत. मूळ फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ केवळ 'मद्यगृह' एवढाच होता. पॅरिसच्या माँमार्त्र भागात १८८१ साली रोदॉल्फ सालीस ह्याने 'ल शा न्वार', म्हणजे 'काळे मांजर', ह्या नावाचे मद्यगृह काढले. तेथे कवी, गायक व चित्रकार आपल्या कृती मित्रमंडळींपुढे मांडू लागले, आणि तेव्हापासून खाणेपिणे चालू असताना अगदी जवळून ऐकावयाच्या गायनवादनाची जागा असा अर्थ ह्या शब्दास प्राप्त झाला. न्यूयॉर्कमध्ये ही प्रथा १९११-१२ च्या सुमारास आली व तिची जणू साथच पसरली. मात्र त्या शहरात ह्या शब्दाला लवकरच आणखी एक अर्थ मिळाला, तो कायद्याने दिला. आणि तेथील संगीताच्या इतिहासात तोच सर्वांत परिणामकारक ठरला.

कॅबरेतील संगीताचे स्वरूप ध्यानात घेतल्यावाचून ह्या कायद्याचा परिणाम समजणार नाही. येथे श्रोता गायकापासून दोन-चार हातांवर बसलेला असतो. आवाज मोठा लावण्याचे कारण नसते. शब्दावरील किंचितसा भर, श्वासाची जागा, मुद्दाम घेतलेला विलंब, हे सर्व श्रोत्यापर्यंत पोहोचते. मेबल मर्सर ही इंग्लंडमध्ये जन्मलेली गायिका पॅरिसहून १९३८ साली न्यूयॉर्कला आली आणि बावन्नाव्या रस्त्यावरील एका लहानशा मद्यगृहात पुढे कित्येक वर्षे खुर्चीवर बसून गात राहिली. तिचा आवाज असामान्य नव्हता; तरीही शब्दांची फेक कशी असावी हे शिकण्यासाठी नामांकित गायक तिला ऐकावयास येत. सभागृहात ही कला निम्मी नाहीशी झाली असती. आपल्याकडील खासगी बैठकीशी तिची तुलना सहज सुचते, आणि श्रोत्याच्या सान्निध्यापुरती ती योग्यही आहे. परंतु बैठकीचा खर्च यजमान सोसतो. तेथे पानसुपारीचे तबक फिरते, त्याचे बिल कोणी आणून ठेवीत नाही. न्यूयॉर्कच्या छोट्या खोलीला यजमान नव्हता. गायकाची बिदागी निघे ती विकल्या गेलेल्या पेयांतून. गाणे पेल्यावर अवलंबून होते, आणि पेला परवान्यावर.

डिसेंबर १९२६ मध्ये न्यूयॉर्क नगरपालिकेच्या सभासदमंडळाने कॅबरेसंबंधीचा कायदा मंजूर केला व १९२७ च्या आरंभापासून तो अंमलात आला. त्या वेळी जिमी वॉकर हे महापौर होते. रात्रीच्या मेजवान्यांची हौस असलेला हा गृहस्थ अशा कायद्याच्या मुळाशी असावा हा इतिहासातील एक विनोदच म्हटला पाहिजे. जेथे जनतेला खाद्य अथवा पेय विकले जाते अशा कोणत्याही जागेत गायन, वादन, नृत्य वा तत्सम करमणूक होत असेल, तर ती जागा 'कॅबरे' समजावी व तिला परवाना घेणे भाग पाडावे, असे त्या कायद्याचे सूत्र होते. देशात त्या वेळी दारूबंदी असल्याने 'मद्य' ह्या शब्दाऐवजी 'पेय' हा शब्द आला, हे उघड आहे. रात्रीच्या करमणुकीचा अतिरेक होत आहे, बाहेरून येणाऱ्या उनाड पाहुण्यांना व त्यांच्या नादी लागणाऱ्या स्थानिकांना थोडा लगाम घातला पाहिजे, असे कारण सभासदांच्या समितीने दिले होते.

हा कायदा हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या, विशेषतः गोरे व काळे एकत्र येत अशा, क्लबांना लक्ष्य करण्यासाठीच झाला असे पुष्कळदा सांगितले जाते. कायद्याच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख नाही. तेव्हा हेतूविषयी ठाम विधान करताना सावधगिरी बाळगणे इष्ट. परंतु परवाना द्यावा की नाही हे अर्जदाराच्या 'चारित्र्या'वरून ठरवावयाचे आणि त्या चारित्र्याची पारख १९३१ पासून पोलिसांकडे सोपवावयाची, अशी एकदा व्यवस्था झाली म्हणजे तिचा भार कोणावर अधिक पडणार हे सांगण्यास हेतूचे संशोधन करण्याची गरज उरत नाही.

दारूबंदी १९३३ साली उठली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत न्यूयॉर्कमध्ये छोट्या खोल्यांचे संगीत जसे बहरले तसे पुढे क्वचितच बहरले. बावन्नाव्या रस्त्यावर जुन्या घरांच्या तळमजल्यांत व तळघरांत एकाशेजारी एक असे क्लब उघडले. मॅक्स गॉर्डन ह्यांनी १९३५ मध्ये काढलेले 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हे तळघर ह्याच काळातले. तेथे आजही जेमतेम सव्वाशे माणसे मावतात. बार्नी जोसेफसन ह्यांनी डिसेंबर १९३८ मध्ये ग्रिनिच व्हिलेज भागात 'कॅफे सोसायटी' सुरू केले. हार्लेममधील सुप्रसिद्ध 'कॉटन क्लब'मध्ये कलावंत काळे व प्रेक्षक केवळ गोरे असा दंडक होता. जोसेफसन ह्यांच्या तळघरात दोन्ही वर्णांचे श्रोते शेजारी शेजारी बसत. येथेच १९३९ मध्ये बिली हॉलिडे हिने झुंडबळींवरील 'स्ट्रेंज फ्रूट' हे एबल मीरोपोल ह्यांचे गीत प्रथम गायिले. त्या वेळी वाढपी थांबत, दिवे मालवले जात, केवळ गायिकेच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा एक झोत राही, आणि गीत संपल्यावर ती पुन्हा रंगमंचावर येत नसे. हा परिणाम साधण्यासाठी लहान खोलीच हवी होती. पेल्यांचा आवाज एकाएकी थांबणे हा त्या प्रयोगाचाच भाग होता.

ह्यानंतर दोनच वर्षांच्या आत, १९४० साली, पोलिसांनी नियमाची पकड मालकावरून थेट कामगारावर आणली. कॅबरेत काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो वाढपी असो, आचारी असो वा वादक असो, बोटांचे ठसे व छायाचित्र देऊन पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे असे ठरले. ते दर दोन वर्षांनी नवे करावे लागे. ते नसलेल्या माणसास कामावर ठेवणारा मालक आपला परवाना गमावण्याची भीती बाळगी. पूर्वी कधी शिक्षा झाली असेल, किंवा नुसती अटकही झाली असेल, तर पत्र नाकारण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार पोलिस वापरीत. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाल्यावर ही दुसरी शिक्षा सुरू होई, आणि तिला मुदत नव्हती.

बिली हॉलिडेचे उदाहरण ह्या संदर्भात सर्वांत बोलके आहे. मादक द्रव्य बाळगल्याबद्दल मे १९४७ मध्ये तिला अटक झाली व एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. पश्चिम व्हर्जिनियातील ऑल्डरसन येथील तुरुंगातून ती मार्च १९४८ मध्ये सुटली. त्यानंतर अवघ्या दीड आठवड्याने, २७ मार्च रोजी, कार्नेगी हॉलमध्ये तिचे गायन झाले. सभागृह इतके भरले की रंगमंचावरही खुर्च्या मांडाव्या लागल्या. कार्नेगी हॉलमध्ये गाताना खाद्यपेये विकली जात नसत; तेव्हा ते 'कॅबरे' नव्हते आणि तेथे गाण्यास पोलिसांच्या पत्राची जरूर नव्हती. दोन-अडीच हजार श्रोत्यांपुढे गाण्यास ती पात्र होती, दोनशेंपुढे नव्हती. सार्वजनिक नीतीचे रक्षण हा नियमाचा हेतू मानला, तर हा न्याय उलटाच म्हणावा लागेल. पण हॉलिडेला कार्नेगी हॉल रोज मिळणार नव्हता. रोजची कमाई छोट्या खोल्यांतच होती, आणि तिची गायनशैली मायक्रोफोनच्या आधाराने मंद स्वरात गाण्याची, म्हणजे नेमकी छोट्या खोलीचीच होती. आयुष्याची उरलेली अकरा वर्षे तिने बहुतांशी अन्य शहरांतील क्लबांत प्रवास करीत काढली. पत्र गमावल्याचे हे दुःख १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या आत्मचरित्रातही आले आहे.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर ह्याचे पत्र १९५१ मध्ये गेले. ज्या 'बर्डलँड' क्लबला त्याच्याच टोपणनावावरून नाव देण्यात आले होते, त्या क्लबातही त्याला नियमाप्रमाणे वाजवता येईना. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्याने राज्याच्या मद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांना पत्र लिहून, पत्नी व मुले ह्यांचा काही अपराध नसता त्यांना हे भोगावे लागत आहे आणि मुलगी आजारी आहे, असे कळवले होते. थोर कलावंताच्या लेखणीतून उतरलेले हे पत्र म्हणजे कारकुनी भाषेतील एक अर्ज आहे. त्याला पत्र परत मिळाले. मुलगी १९५४ मध्ये वारली व तो स्वतः मार्च १९५५ मध्ये.

पियानोवादक थेलोनिअस मंक ह्याची गोष्ट अधिक तपशिलाने पाहण्यासारखी आहे, कारण तीत केवळ उपजीविकेचा नव्हे तर संगीताच्या घडणीचा प्रश्न आहे. १९५१ मध्ये बड पॉवेल ह्या सहकाऱ्याबरोबर गाडीत असताना त्याला अटक झाली. सापडलेल्या मादक द्रव्याबद्दल पॉवेलविरुद्ध बोलण्यास त्याने नकार दिला आणि त्याचे पत्र गेले. पुढील सहा वर्षे मॅनहॅटनच्या क्लबांचे दरवाजे त्याला जवळजवळ बंद होते. ह्या काळात त्याने लिहिणे व ध्वनिमुद्रण करणे सोडले नाही. १९५६ च्या अखेरीस 'ब्रिलियंट कॉर्नर्स' ही रचना मुद्रित झाली, तेव्हा ती इतकी अवघड ठरली की पुनःपुन्हा प्रयत्न करूनही एकसंध वादन मिळेना. शेवटी वेगवेगळे तुकडे जोडून ती पूर्ण करावी लागली. सहवादक सामान्य नव्हते. रोज रात्री एकत्र वाजवून जी रचना हातांत बसते ती बसण्याची संधीच ह्या मंडळींना मिळाली नव्हती, असा तर्क केल्यास तो अवास्तव ठरणार नाही. कारण १९५७ मध्ये पत्र परत मिळाल्यावर काय घडले ते सर्वश्रुत आहे. कूपर चौकातील 'फाइव्ह स्पॉट' ह्या साध्या मद्यगृहात त्या वर्षीच्या जुलैपासून मंक महिनोन्‌महिने वाजवीत राहिला व त्याच्याबरोबर जॉन कोल्ट्रेन होता. रोजच्या वादनातून कोल्ट्रेनच्या शैलीने जे वळण घेतले त्यावाचून पुढील दशकातील जॅझची कल्पना करवत नाही. रियाजाची ती खोली सहा वर्षे आधी उघडी असती तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे; पण ती बंद ठेवली गेली होती हे ऐतिहासिक सत्य आहे. १९५८ मध्ये डेलावेअर राज्यातील एका अटकेनंतर मंकचे पत्र पुन्हा गेले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे.

पोलिसांची बाजू अगदीच निराधार होती असे नाही. हॉलिडे व पार्कर ह्यांना व्यसनाने ग्रासले होते आणि क्लबांभोवती मादक द्रव्यांचा व्यापार चालत होता. परंतु पत्र काढून घेतल्याने त्यांपैकी कोणाचे व्यसन सुटले असे दिसत नाही. आणि तोच कलावंत ध्वनिमुद्रणगृहात, सभागृहात वा दुसऱ्या गावी वाजवण्यास मोकळा होता. बंदी व्यसनावर नव्हती, जागेवर होती.

नियमाविरुद्धची चळवळ वकील मॅक्सवेल कोहेन ह्यांनी न्यायालयात नेली. ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन ह्यास एका जुन्या किरकोळ प्रकरणामुळे वर्षानुवर्षे तात्पुरतीच पत्रे मिळत. १९५९ मध्ये न्यायालयाने त्यास नियमित पत्र देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी १७ जुलै रोजी हॉलिडेचे निधन झाले. तिचे पत्र तिला परत मिळालेच नाही. पुढच्या वर्षी लॉर्ड बकली ह्या विनोदी कथनकाराचे पत्र, अर्जात जुनी अटक नमूद केली नाही म्हणून, ऑक्टोबरमध्ये जप्त झाले व नोव्हेंबरमध्ये तो मरण पावला. ह्या प्रकरणाने वृत्तपत्रांत बरीच खळबळ उडाली. तरीही ओळखपत्राची पद्धत रद्द होण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

पत्र गेले, पण १९२६ चा कायदा राहिला. त्यात मागाहून केलेल्या एका अपवादाने पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार वा अन्य तंतुवाद्ये वाजवणारे तीनपर्यंत वादक असल्यास कॅबरेचा परवाना लागत नसे. ढोल वा फुंकवाद्य आले की लागे. ढोलाविरुद्ध कायदा करणाऱ्यांचे काय वैर होते हे कळत नाही. जॅझचा कणा तालवाद्ये व फुंकवाद्ये हाच आहे एवढे मात्र खरे. १९६९ मध्ये उघडलेल्या 'ब्रॅडलीज' ह्या लहान मद्यगृहात पियानो व बास ह्या दोनच वाद्यांच्या संगतीची एक संयत, संवादरूप शैली नावारूपास आली, ती पुष्कळ अंशी ह्या कलमाची देणगी होय. रसिकांनी त्या शैलीत केवळ अभिरुची पाहिली, पण तिच्यामागे एक नियमावली होती. पुढे वॉरन चियासन ह्या व्हायब्राफोनवादकाने, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे आघातवाद्य वाजवणाऱ्याने, इतरांसह ह्या कलमाला आव्हान दिले. त्याची बाजू कायद्याचे प्राध्यापक पॉल शेविग्नी ह्यांनी मांडली. वाद्यांचा भेद १९८६ मध्ये व तीन वादकांची मर्यादा १९८८ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

ह्यानंतर कायद्यात उरले ते नृत्यावरील निर्बंध. नृत्य हा अभिव्यक्तीचा प्रकार म्हणून संरक्षणास पात्र आहे हा युक्तिवाद न्यायालयाने २००७ मध्ये मान्य केला नाही. शहरातील सुमारे पंचवीस हजार खाद्यपेयगृहांपैकी जेमतेम शंभरांकडे कॅबरेचा परवाना राहिला होता, तेव्हा कोठे ऑक्टोबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने कायदा रद्द करण्याचा ठराव केला. महापौर बिल डी ब्लाझिओ ह्यांनी २७ नोव्हेंबर रोजी त्यावर सही केली, ती नगरभवनात नव्हे तर ब्रुकलिनमधील एका संगीत-नृत्याच्या क्लबात.