गुळाचा गणपती

पु. ल. देशपांडे यांचा १९५३ सालचा मराठी विनोदी चित्रपट. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका हे सगळे पुलंनी एकट्याने पेलले, त्यामुळे ‘सबकुछ पु. ल.’ हे बिरुद त्याला कायमचे चिकटले. गीतलेखन तेवढे ग. दि. माडगूळकरांचे.

नायक नाऱ्या भोळसट. कोणीही यावे आणि टपली मारून जावे असा. जागेपणी वाट्याला फजिती, म्हणून गडी दिवास्वप्नांत पराक्रम गाजवतो. पुलंच्याच ‘व्यक्ती आणि वल्ली’ या पुस्तकातल्या, लग्नघरी राबराब राबणाऱ्या नारायणाचा तो भाऊबंदच म्हणायचा. अशा माणसाला हसताना त्याला हिणवायचे नाही, हे पुलंचे पथ्य इथेही सांभाळलेले दिसते.

फ्रान्समध्ये झाक तातीचे त्याच सुमारास असेच चालले होते. लेखक, दिग्दर्शक आणि नट तोच. त्याच्या ‘जूर द फेत’मधला (१९४९) खेड्यातला पोस्टमन फ्रांस्वा अमेरिकी टपालसेवेवरची फिल्म पाहतो, आणि मग सायकलवरून तशाच झपाट्याने पत्रे वाटायच्या नादात घोळ घालून ठेवतो. तातीचा दुसरा नायक, श्रीयुत ह्यूलो, तर १९५३ मध्येच पडद्यावर आला. मात्र ताती फारसे न बोलता उंच्यापुऱ्या देहाने हसवतो; पुलंची भिस्त शब्दांवर आणि सुरांवर.

सुरांची बाजू तर सरसच. भीमसेन जोशींचे ‘इंद्रायणी काठी’ भीमपलासात बांधलेले आणि इतके अस्सल वारकरी वळणाचे, की हा संताचा अभंग नव्हे, माडगूळकरांनी चित्रपटासाठी लिहिलेले गीत आहे, हे आजही कित्येकांना सांगावे लागते. ‘इथेच टाका तंबू’ हे आशा भोसले यांचे गाणे अगदी निराळ्या, खेळकर चालीचे. ‘ही कुणी छेडिली तार’मध्ये त्यांच्या जोडीला वसंतराव देशपांडे आहेत. चित्रपट न पाहिलेल्यांनाही ही गाणी पाठ असतात.

यानंतर पुलंनी चित्रपट दिग्दर्शित केला नाही. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले, आणि पुढे रंगभूमीने त्यांना पुरते ताब्यात घेतले. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’साठी (१९९२) मात्र त्यांनी पटकथा लिहिली, त्यात तमाशातला सोंगाड्या झाला होता लक्ष्मीकांत बेर्डे.