मेंदूतील पोषक प्रथिने आणि म्हातारचळ

वार्धक्यातील विस्मृतीस आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणण्याची रूढी आहे. लोह्यासारख्या गावी काय किंवा मुंबईसारख्या नगरीत काय, या एका शब्दाने रोगास वयाचा धर्म ठरविले. मग त्यावर उपाय कोण शोधणार? ही समजूत डळमळीत करणाऱ्या संशोधनाचा एक प्रवाह मात्र कोंबडीच्या अंड्यातून निघाला.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सेंट लुइस येथे रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना असे आढळले की, उंदराचे अर्बुद कोंबडीच्या गर्भात रोपिले असता मज्जातंतू विपुल वाढतात. स्टॅन्ली कोहेन यांनी त्यामागील प्रथिन वेगळे केले. उभयतांस १९८६ साली नोबेल पारितोषिक लाभले. १९८२ साली डुकराच्या मेंदूतून ‘बीडीएनएफ’ हे दुसरे प्रथिन शुद्ध करण्यात आले. १९९१ साली अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात त्याची निर्मिती घटल्याची चिन्हे दिसली.

उणीव दिसताच ती भरून काढण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु स्वीडनमध्ये पहिले प्रथिन रोग्यांच्या मेंदूतील पोकळीत सोडले, तेव्हा लाभ अल्प आणि वेदना अधिक झाल्या. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या विदिता वैद्य यांनी १९९७ साली सहकाऱ्यांसह उंदरांवर दाखविले की, सेरोटोनिनच्या एकाच ग्राहीस चेतविल्याने बीडीएनएफची निर्मिती मेंदूच्या एका भागात घटते, तर दुसऱ्या भागात वाढते.

तात्पर्य, प्रश्न केवळ मात्रेचा नसून स्थानाचाही आहे. औषध अद्याप दूर असले, तरी म्हातारचळ हा वयाचा धर्म नव्हे, एवढे निश्चित.