सहाव्या चालीचा कागद

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६ ३. घोड्याने ई५ मारले, डी६ ४. घोडा एफ३, घोड्याने ई४ मारले ५. घोडा सी३ उंट एफ५ ६. वजीर ई२. काळ्याने डाव सोडला.

कागद एवढाच आहे. बुद्धिबळाच्या कोणत्याही डेटाबेसमध्ये तो एका ओळीत मावतो. ठिकाण स्वित्झर्लंडमधले बील, साल १९८८. पांढरी मोहरी कोलंबियाच्या अलोन्सो सपाटाकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. आदल्या वर्षी फिलिपिन्समधल्या बागिओ इथे आनंद जागतिक ज्युनियर विजेता झाला होता आणि डिसेंबरात कोइम्बतूरला भारताचा पहिला ग्रँडमास्टर. बीलला तो अठरा वर्षांचा होता. चाळीस चालींसाठी तासांच्या हिशेबाने वेळ मिळत असताना त्याने सहाव्या चालीवर हात मिळवला आणि तो उठला.

या कागदाचे रूढ स्पष्टीकरण प्रत्येक बुद्धिबळवाल्याला पाठ आहे: पोरगा फार भरभर खेळायचा, म्हणून फसला. मलाही बरीच वर्षे ते पुरेसे वाटत होते. आज ऑनलाइन ब्लिट्झमध्ये चांगले रेटिंग असलेल्या कोणाचेही गुणदोष विचारा, उत्तर त्याच साच्यात येते: वेग हे बळ, घाई हा दोष. पण कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की हे उत्तर टिकत नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी वेगाची गोष्ट कुठून आली ते पाहू. मद्रासमध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाइल तालच्या नावाचा बुद्धिबळ क्लब होता. आनंदची घडण तिथली. तिथल्या झटपट डावांची रीत सरळ होती: जिंकेल तो पाटावर बसून राहणार, हरेल तो उठून रांगेच्या शेवटी जाणार. एकदा उठले की पुन्हा नंबर कधी लागेल याचा नेम नाही, तेव्हा बसून राहायचे तर जिंकायचे, तेही घड्याळाच्या आत. ही शाळा त्याला मानवली एवढे नक्की. पण त्या डावांचा एकही कागद आपल्यापुढे नाही, कारण ब्लिट्झमध्ये चाली लिहून ठेवण्याची सक्ती नसते. लांब डावात खेळाडू प्रत्येक चाल स्कोअरशीटवर नोंदवतो; पाच मिनिटांच्या डावात हात मोहऱ्यावर आणि घड्याळावर एवढाच फिरतो. म्हणजे ज्या काळात हा वेग कमावला गेला तो काळ दप्तराच्या दृष्टीने कोराच आहे. तिथल्या आठवणी बखरीसारख्या वाचायच्या: रंगतदार, बहुधा खऱ्या, पण पुराव्याला कच्च्या.

बीलचा कागद मात्र अस्सल आहे. त्यात काय आहे आणि काय नाही, हे वेगळे केले पाहिजे. चाली आहेत, निकाल आहे. पाचव्या चालीला किती वेळ लागला, हे नाही. म्हणजे ‘घाईने फसला’ हे वाक्य या कागदातून निघत नाही, ते आपण बखरीतून उचलून त्यावर चिकटवतो.

मग काळ्याची पाचवी चाल आली कुठून? त्यासाठी दुसरा कागद काढावा लागतो. १९८७, सॅन फ्रान्सिस्को. पांढऱ्याकडून इंग्लंडचा टोनी माइल्स, काळ्याकडून अमेरिकेचा लॅरी क्रिश्चन्सन. पहिल्या पाच चाली अक्षरशः त्याच, उंट एफ५ धरून. सहाव्या चालीला माइल्स घोड्याने ई४ वरचा घोडा घेतो, उंट परत घेतो, मोहरी एकेक करून पटावरून जातात आणि विसाव्या चालीला बरोबरी होते.

इथे पट थोडा जवळून पाहू. दोन्ही बाजूंची राजासमोरची प्यादी गेलेली, म्हणजे ई ची उभी पट्टी मोकळी. तिच्या एका टोकाला, ई८ वर, काळा राजा. मध्ये ई४ वर काळा घोडा. पांढऱ्याने सी३ वरून त्यावर हल्ला केला आहे आणि काळ्याने एफ५ वर उंट आणून त्याला जोर दिला आहे. दिसायला सगळे ठीक. आता पांढऱ्याचा वजीर फक्त एक घर पुढे, ई२ वर ठेवा. घोडा एकदम बांधला जातो, कारण तो हलला तर मागे राजा उघडा. पुढच्या चालीला डी३ चे प्यादे येऊन त्याला उचलणार. काळ्याने वजीर ई७ वर आणून आड घातला तर पांढरा घोडा डी५ वर येतो. तिथून तो वजिरावरही नेम धरतो आणि सी७ वरही. वजीर त्या पट्टीवरून बाजूला झाला की घोडा पुन्हा बांधलेला. पट्टीवरच ई६ ला सरकला तर सी७ वर शह बसून वजीर गेला. एक मोहरा जातोच. सपाटाने ही चाल खेळली, माइल्सने खेळली नाही. दोन कागदांतला फरक एवढाच.

माइल्सने का खेळली नाही? कागद म्हणतो, खेळली नाही, एवढेच. बखर पुढे बोलते. दोघांनी बरोबरी आधीच ठरवलेली होती. पाचवी चाल झाल्यावर माइल्सने हसत ई२ या घरावर बोट ठेवले, क्रिश्चन्सनचा चेहरा पांढरा पडला, आणि माइल्सने शब्द पाळून घोडा घेतला. हा किस्सा बुद्धिबळाच्या वर्तुळात इतक्यांनी इतक्या वेळा सांगितला आहे की त्याला पाठांतरे फुटली आहेत. पण गाभा सगळीकडे एकच, आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्या डावाचा उलगडा होत नाही. माइल्ससारख्या ग्रँडमास्टरला एका घराची वजिराची चाल दिसली नाही, हे मानायला मी तयार नाही.

हा डाव बेलग्रेडहून निघणाऱ्या ‘चेस इन्फॉर्मंट’मध्ये छापून आला आणि आनंदने तो तिथून उचलला, असे या प्रकरणाच्या सगळ्या सांगण्यांत येते. इन्फॉर्मंटची भाषा शब्दांची नसते, खुणांची असते: अधिक, उणे, बरोबर, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह. जगातला कोणताही खेळाडू ती वाचू शकतो हे तिचे मोठेपण. पण ‘हे दोघे मित्र होते, बरोबरी ठरलेली होती, एकाने बोट दाखवले आणि दुसरा घाबरला’ यासाठी त्या लिपीत खूण नाही. आनंदच्या पुढ्यात जे आले ते असे: दोन नामांकित ग्रँडमास्टर, एक नवी चाल, निकाल बरोबरी. काळ्याला सुरुवातीतच बरोबरी मिळत असेल तर आणखी काय हवे?

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना बखरींना खाली बसवले आणि अस्सल पत्रांना वर. आपण सगळे त्याच वळणात वाढलो. बीलच्या प्रकरणात मात्र अस्सल छापील कागदाने फसवले आणि खरे सांगितले ते बखरीने. कागद खोटा नव्हता, त्यातली एकही चाल चुकीची छापलेली नव्हती. त्याच्याभोवतीचा प्रसंग गळून पडला होता, आणि प्रसंग गळाला की अस्सल कागदही साक्षीदार म्हणून पांगळा होतो. आनंदची चूक मी अशी वाचतो: त्याने साधन तपासले नाही. ती पाचवी चाल त्याने एका सेकंदात केली असो वा वीस मिनिटांत, मनात ती आधीच मान्य झालेली होती.

हे एका कागदावरून म्हणणे धाडसाचे झाले असते. पण आणखी कागद आहेत.

१९९१ च्या अखेरीस इटलीतल्या रेज्जो एमिलियाची दहा जणांची स्पर्धा. आनंद नऊ डावांत सहा गुणांनी पहिला. कास्पारोव आणि गेल्फांड अर्ध्या गुणाने मागे. कास्पारोवला त्याने काळ्या मोहऱ्यांनी, फ्रेंच बचावात हरवले. बखरीप्रमाणे घाई हा मूळ दोष असता, तर त्या काळच्या सर्वांत बळकट स्पर्धांपैकी एकीत तो तळाशी असायला हवा होता. उलट बाजूने १९९४ चे सांघीनगर पाहा. हैदराबादजवळ, घरच्या मैदानावर, गाटा कामस्कीविरुद्धच्या लढतीत आनंद आघाडीवर होता. ती आघाडी गेली, आठ डाव ४–४ असे सुटले आणि निकालासाठी जलद डाव लावावे लागले. जगातला सर्वांत चपळ समजला जाणारा खेळाडू जलद डावांत दोन्ही वेळा हरला. वेग हेच सारे बळ म्हणणाऱ्यांनी हा कागद कुठे ठेवायचा?

सर्वांत बोलके कागद न्यूयॉर्कचे. १९९५, वर्ल्ड ट्रेड सेंटरचा १०७ वा मजला, कास्पारोवविरुद्ध विश्वविजेतेपदाची लढत. पहिले आठ डाव बरोबरीत. नववा आनंदने जिंकला. आता सहावा आणि दहावा डाव एकमेकांशेजारी ठेवा. दोन्हींत काळ्याकडे आनंद, दोन्हींत रुय लोपेझचा ओपन प्रकार, आणि पहिल्या तेरा चाली तंतोतंत सारख्या. सहाव्या डावात चौदावी चाल घोडा एफ३; डाव बरोबरीत सुटला. दहाव्यात चौदावी चाल उंट सी२. पाठोपाठ पंधरावी घोडा बी३, आणि कोपऱ्यातला हत्ती चक्क देऊन टाकलेला. कास्पारोवने हे सगळे घरून तयार करून आणलेले होते. आनंदने या वळणावर सुमारे पाऊण तास विचार केला. चाळीस चालींना दोन तास, त्यातला पाऊण तास एका जागी. अडतीस चालींत तो हरला.

यात घाई कुठे आहे? इथे तर तो कधी नव्हे तेवढा थांबला. पण थांबला चौदाव्या चालीनंतर. सहाव्या डावात वाट ठीक निघाली होती म्हणून तेरा चाली त्याच वाटेने आला. बील आणि न्यूयॉर्क यांच्यात सात वर्षे आहेत आणि दोष एकच: एकदा बरोबरी देऊन गेलेल्या कागदावर भरवसा. आणखी एक गंमत. उंट सी२ ची मूळ सूचना मिखाइल तालची म्हणून ओळखली जाते. त्या प्रकारातली अकरावी चाल, घोडा जी५, कार्पोवने कोर्चनोयविरुद्ध १९७८ मध्ये खेळली ती बागिओला. तालच्या नावाच्या क्लबात वाढलेला, बागिओला ज्युनियर जगज्जेता झालेला मुलगा न्यूयॉर्कला अडला तो या दोन नावांच्या जोडावर. इतिहासात अशा जुळण्यांना अर्थ नसतो. पण नजरेआड करवत नाही.

मग बळ कशात होते? त्याचा कागद मॉस्कोचा, २०१२ चा. गेल्फांडविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत बारा डाव ६–६, मग पंचवीस मिनिटांचे चार जलद डाव. तीन बरोबरीत, निकाली निघाला तो फक्त दुसरा. आनंदने तो सत्त्याहत्तर चालींत जिंकला. पटावर मोहरी थोडी, बरोबरी जवळपास हाताशी, पण गेल्फांडचे घड्याळ संपत आलेले. प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या दहा सेकंदांवर तो जगत होता. आनंदकडे वेळ होता, कारण जिथे विचार करण्यासारखे काही नव्हते तिथे त्याने तो खर्च केला नव्हता. हाताच्या वेगापेक्षा मी याला वेळेची कंजूषी म्हणेन. ती वयाने गेली नाही: २०१७ मध्ये रियाधला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जागतिक जलद स्पर्धेत पंधरा डावांत एकही न हरता तो पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीत आला आणि निर्णायक ब्लिट्झमध्ये फेदोसेयेवला दोन्ही डावांत हरवून विजेता ठरला.

ताल क्लबच्या पाटावर जे लिहिले गेले नाही ते आता आपोआप लिहिले जाते. ऑनलाइन ब्लिट्झचा प्रत्येक डाव साठतो आणि चालीसमोर घड्याळाची वेळही उमटते. बीलच्या कागदात नेमका जो रकाना कोरा आहे, तो आज शाळकरी पोराच्याही डावात भरलेला असतो. तुमची यादी उघडाल तेव्हा हरलेल्या डावात जिथे वीस सेकंद गेले ती चाल बाजूला ठेवा. जिथे एकच सेकंद गेला आहे तिथे थांबा, आणि ती चाल तुम्हाला कोणी सांगितली होती ते आठवून पाहा.