परक्या पर्वताचे नाव घेतलेला विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद

#थ्रेड

१/ मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या जत्रांत रात्रभर रंगणारा दशावतार पेटी, पखवाज आणि झांज एवढ्याच वाद्यांवर उभा असतो. ही साथ उद्या कोण करणार, असा प्रश्न सिंधुदुर्गात नेहमी निघतो. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अशाच प्रश्नाला विद्यार्थ्यांनी उत्तर दिले होते. त्या वाद्यवृंदाचा हा इतिहास.

२/ साल १९६७. चिलीची राजधानी सान्तियागो. तेथील राज्य तंत्र विद्यापीठातील काही तरुण लोकसंगीतासाठी एकत्र आले. होर्हे कुलोन आणि ओरासिओ दुरान चिलीचेच. मॅक्स बेरू मात्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी इक्वाडोरहून आलेला. ओरासिओ सालिनास लवकरच त्यांना येऊन मिळाला आणि पुढे संघाचा संगीत दिग्दर्शक झाला.

३/ संघाचे नाव ठरले ‘इन्ती-इयिमानी’. इन्ती म्हणजे केचुआ भाषेत सूर्य. इयिमानी हे सुमारे ६,४०० मीटर उंचीचे हिमशिखर. पण ते चिलीत नसून शेजारच्या बोलिव्हियात, ला पाझ शहराजवळ आहे. देशांच्या सीमांपेक्षा अँडीजची पर्वतरांग मोठी, ही भावना त्या नावातच होती.

४/ या तरुणांना वाट तयार मिळाली होती. विओलेता पारा या गायिकेने १९५०च्या दशकापासून खेड्यापाड्यांत फिरून वृद्धांच्या तोंडची गाणी गोळा केली होती. १९६७च्या फेब्रुवारीत तिचे निधन झाले. त्याच वर्षी हा संघ जन्मला.

५/ त्यांनी हाती घेतलेली वाद्ये पाहा. चारांगो हे दहा तारांचे इवलेसे तंतुवाद्य. जुन्या काळी त्याची पाठ खवल्यांच्या आर्मडिलो प्राण्याच्या कवचाची असे. क्वेना ही बांबूची उभी बासरी. बोंबो हा मोठा ढोल. चारांगोचे मूळ स्पॅनिश तंतुवाद्यांत आहे. युरोपातून आलेली पेटी दशावताराची झाली, तसे तेही पहाडाचे झाले.

६/ सिकू हे वाद्य विशेष ध्यानात घ्यावे. वेताच्या नळ्या ओळीने बांधलेले हे वाद्य गावात दोघे मिळून वाजवतात. निम्मे स्वर एकाकडे, निम्मे दुसऱ्याकडे. एकाने फुंकून थांबायचे, दुसऱ्याने पुढचा स्वर द्यायचा. तेव्हा कुठे एक चाल पुरी होते. शहरी मंचावर मात्र दोन्ही जुड्या बहुधा एकाच वादकाच्या हाती आल्या.

७/ १९७०मध्ये साल्व्हादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष झाले. ‘नवे गीत’ म्हणून ओळखली जाणारी संगीत चळवळ त्यांच्या बाजूने उभी होती. इन्ती-इयिमानीही तीत होता. लोकवाद्य आता राजकीय ओळख बनले.

८/ ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. त्या वेळी हा संघ युरोपच्या दौऱ्यावर होता, म्हणून वाचला. त्याच विद्यापीठात काम करणारे गायक व्हिक्तोर हारा तेथेच पकडले गेले. त्यांना एका क्रीडागृहात नेऊन छळ करून ठार मारण्यात आले. आज त्या क्रीडागृहाला त्यांचेच नाव आहे.

९/ नव्या राजवटीत क्वेना आणि चारांगो यांचा नादही संशयास्पद ठरला. तेव्हा ‘बारोको आंदिनो’ नावाच्या संघाने एक युक्ती केली. त्याच वाद्यांवर त्यांनी बाख वाजवला, तोही चर्चमध्ये. युरोपच्या अभिजात संगीताला कोण आक्षेप घेणार? वाद्ये लोकांच्या कानांवर राहिली.

१०/ इन्ती-इयिमानीने इटलीत आश्रय घेतला आणि सुमारे पंधरा वर्षे जगभर गायन केले. १८ सप्टेंबर १९८८ रोजी, चिलीच्या राष्ट्रीय दिनी, ते मायदेशी परतले. तीनच आठवड्यांत, ५ ऑक्टोबरला, जनतेने सार्वमतात हुकूमशहा पिनोशे यांना नाकारले.

११/ हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. विद्यार्थ्यांमुळे पहाडाचा सूर जगात पोहोचला. पण ज्या आयमारा आणि केचुआ वादकांनी तो शतकानुशतके जपला, त्यांची नावे जगाला क्वचितच कळली. पुढे तर या संघाचीही दोन शकले झाली आणि नावाच्या मालकीवरून वाद उभा राहिला. पहाडाच्या नावावर शहरात मालकी सांगितली जावी, हे विलक्षणच.

१२/ आता आपल्याकडे वळू. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवांत लोकवाद्यवृंदाची स्पर्धा असते. सिंधुदुर्गातील महाविद्यालयेही मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. दुसरीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री जाहीर झाला.

१३/ दशावताराला लिखित संहिता नसते. पात्र आयत्या वेळी संवाद रचते आणि पखवाजी त्याच्या मागे जातो. स्पर्धेच्या काही मिनिटांसाठी बसवलेल्या तालमीतून हे साधत नाही. जाणत्याशेजारी रात्री जागवाव्या लागतात. सिकूच्या दोन्ही जुड्या एकट्याने वाजवता येतात हे खरे, पण मूळ रीत दोघांची आहे: एक जुडी विद्यार्थ्याची, दुसरी गावातल्या गुरूची.