विंचवाचं बिऱ्हाड, चाकांवर

शनिवार दुपार. लॅपटॉप उघडाच आहे, पण आज त्यात कोड नाही. आठवडाभर बग्जशी झटापट झाली की वीकेंडला इथे काहीतरी जुनंपानं उकरत बसायचं, हा आपला नेहमीचा परिपाठ. तर मंडळी, आजचा विषय: चाकं असलेलं, पण जन्मात कुठे न जाणारं घर.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर अशी घरं हजारोंनी आहेत. त्यांना 'स्टॅटिक कॅरॅव्हान' म्हणतात. आता कॅरॅव्हान म्हणजे फिरतं घर आणि स्टॅटिक म्हणजे स्थिर. 'थंडगार विस्तव' म्हटल्यासारखंच झालं की हे! दिसायला लांबुळका डबा. आत दोन-तीन चिमुकल्या खोल्या, बसायच्या बाकाखालून बाहेर येणारा पलंग, गॅसची शेगडी आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असं न्हाणीघर. समुद्राजवळच्या एखाद्या मोठ्या मैदानात असे शेकडो डबे ओळीनं मांडलेले असतात. त्या मैदानाला म्हणायचं हॉलिडे पार्क.

२००८ च्या एप्रिलमध्ये, ऑनसाइट असताना, आम्ही पाच मित्र लिंकनशायरमधल्या स्केगनेसजवळ अशाच एका डब्यात चार दिवस राहिलो. तेव्हा 'द सन' या वर्तमानपत्राची एक योजना होती. पेपरातली कुपनं रोज कापून जमवायची आणि माणशी साडेनऊ पौंडांपासून सुट्टी मिळवायची. प्रत्येक खर्चाला मनातल्या मनात ऐंशीनं गुणणाऱ्या आमच्यासारख्यांना ही पर्वणीच. पांघरुणं घरून न्यायची, गॅस-विजेचे पैसे वेगळे. आम्ही कुकर, पोहे आणि गोडा मसाला घेऊन गेलो. उत्तर समुद्राचा वारा असा की गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल थेट डेन्मार्कला पोचावा.

शेजारच्या कॅरॅव्हानमध्ये एक आजोबा होते, निवृत्त खाणकामगार. आमच्या फोडणीच्या वासानं स्वतःहून बोलायला आले. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ते म्हणाले, "माझ्या बापाला पगारी सुट्टी मिळाली, म्हणून आम्हाला समुद्र दिसला." मी सुट्टी आणि समुद्र यांचा असा कार्यकारणभाव कधी लावलाच नव्हता. मग परत आल्यावर वाचायला लागलो, आणि तेव्हापासून हा विषय काही सुटलेला नाही.

समुद्रावर जाऊन हवा खाणं ही आधी बड्या लोकांची चैन. रेल्वे आली आणि चित्र बदललं. ब्लॅकपूलला रेल्वे पोचली १८४६ मध्ये. १८७१ मध्ये जॉन लबक या खासदारानं (जो मुळात बँकवाला आणि मुंग्यांचा अभ्यासक!) बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला आणि इंग्लंडला वर्षात चार हक्काच्या सुट्ट्या मिळाल्या. लँकशायरच्या गिरणगावांत तर उन्हाळ्यात एक आठवडा अख्ख्या गावाच्या गिरण्या बंद राहायच्या. याला 'वेक्स वीक' म्हणत. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा, त्यामुळे ब्लॅकपूल सगळा उन्हाळा भरलेलं. आज एका गावच्या गिरण्यांचे कामगार, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावचे. (लोड बॅलन्सिंग म्हणतात ते हेच.)

पण गोम अशी की ही सुट्टी बिनपगारी होती. गिरणी बंद म्हणजे मजुरीही बंद. त्या एका आठवड्यासाठी कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भिशीसारखे साठवायचे, आणि परत आल्यावर खिसा रिकामा. ज्यांना साठवणं जमत नसे, त्यांच्यासाठी तो सक्तीचा उपासमारीचा आठवडा.

राहायची सोय म्हणजे घरगुती लॉज. सकाळी न्याहारी झाली की घरमालकीण पाहुण्यांना बाहेर काढायची, ते थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. मग बाहेर पाऊस असो नाहीतर वादळ. बॅरी आयलंडला अशी पावसात कुडकुडत फिरणारी कुटुंबं पाहून बिली बटलिन नावाच्या जत्रेतल्या खेळवाल्याला एक कल्पना सुचली, असं तो स्वतः सांगत असे. १९३६ मध्ये त्यानं स्केगनेसजवळ आपला पहिला हॉलिडे कॅम्प उघडला. झोपायला छोटी लाकडी खोली, तीन वेळचं जेवण आणि पाऊस आला तरी छपराखाली करमणूक. भाव आठवड्याला माणशी ३५ शिलिंगांपासून. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, अशी त्याची जाहिरातच होती.

या जाहिरातीतला अदृश्य भाग बघा. आठवड्याचा पगार सुट्टीवर उडवायचा, तर सुट्टीच्या आठवड्यात पगार चालू हवा ना! म्हणजे बटलिनचा धंदा खऱ्या अर्थानं चालायला कामगार चळवळ जिंकायला हवी होती. 'काम न करता पगार' ही कल्पना त्या काळच्या मालकांना अजब वाटायची आणि कामगार संघटना तिच्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होत्या. १९३६ मध्ये फ्रान्सनं दोन आठवड्यांच्या पगारी सुट्टीचा कायदा केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं पगारी सुट्टीचा करार मंजूर केला. ब्रिटनमध्ये कायदा आला १९३८ मध्ये. तोही तसा बोटचेपाच: वर्षात एक आठवडा सुट्टीची शिफारस, सगळ्यांवर सक्ती नाही. पण दार उघडलं. १९३९ मध्ये डर्बीशायरच्या खाणकामगारांनी स्केगनेसला स्वतःचा हॉलिडे कॅम्प सुरू केला. आजोबांच्या वाक्याचा उलगडा इथे होतो. आणि मग लगेच महायुद्ध! बटलिनच्या कॅम्पात नौदलाचे रंगरूट कवायत करू लागले.

आता कॅरॅव्हानकडे वळू. तिची वंशावळ एकदम वेगळी. मौजेसाठी खास बांधलेली पहिली कॅरॅव्हान म्हणून जिचं नाव घेतात ती 'वाँडरर', १८८५ सालची. मालक गॉर्डन स्टेबल्स, नौदलातले निवृत्त डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. दोन टनांची ती गाडी दोन घोडे ओढायचे. सोबत गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट. कल्पना उघडउघड रोमा म्हणजे जिप्सी लोकांच्या घरगाड्यांवरून उचललेली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हान कारखान्यात बनू लागल्या, तरी मोटार असणाऱ्यांपुरत्याच.

चैनीची ही गाडी कामगाराकडे कशी आली? तर टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर पगारी सुट्टी होती, हौस होती, पण खोल्या कमी आणि बांधकामाच्या सामानाची बोंब. बटलिनचे कॅम्प होते, पण चार पोरांच्या कुटुंबाला तेही जड जायचे. मग किनाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांनी आपल्या वावरात कॅरॅव्हान उभ्या करू दिल्या. पाया खणायला नको, गवंडी नको, एक नळ आणि टोकाला संडास. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि बाहेर हाकलायला घरमालकीण नाही! एकदा आणलेली गाडी दरवर्षी ओढत न्यायची कशाला, म्हणून ती तिथेच राहू लागली. आणि जी हलणारच नाही, ती मोठी करायला काय हरकत? अशी जन्मली स्टॅटिक कॅरॅव्हान.

सरकारला अर्थात हे खुपलं. लिंकनशायरच्या वाळूच्या टेकड्यांवर लोक जुन्या बस आणि रेल्वेचे डबे आणून राहतात म्हणून १९३२ मध्येच एक खास कायदा झाला होता. १९६० मध्ये देशभरासाठी कॅरॅव्हान साइट्सचा कायदा आला: परवाना, पाणी, संडास, आणि आग पसरू नये म्हणून दोन कॅरॅव्हानमध्ये साधारण २० फुटांचं अंतर. त्यात कॅरॅव्हानची जी व्याख्या आहे, ती वाचून माझ्यातला प्रोग्रामर खूश झाला. माणसांनी राहण्यासाठी केलेली आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येते अशी वस्तू म्हणजे कॅरॅव्हान. हलवता आली पाहिजे, हलवली पाहिजे असं नाही! पुढे १९६८ मध्ये मापंही ठरली. दोन तुकडे जोडून केलेलं घर ६० फूट लांब आणि २० फूट रुंद असलं तरी ते कॅरॅव्हानच. पन्नास वर्षं एका जागी उभं राहा, फक्त इंटरफेस तेवढा इम्प्लिमेंट करा. तेवढ्या एका अटीवर घराचे नियम टळतात आणि सुट्टी स्वस्त पडते.

ही गंमत झाली. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू वाचली आणि हसू मावळलं. जिथून ही कल्पना उचलली, त्या रोमा लोकांना १९६० च्या कायद्यानं रस्त्यावर आणलं. सामायिक माळरानांवर गाड्या उभ्या करायला बंदी घालायचा अधिकार कौन्सिलांना मिळाला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या थांबायच्या जागा गेल्या. १९६८ मध्ये कौन्सिलांनी त्यांना जागा पुरवावी असं ठरलं, १९९४ मध्ये तेही बंधन काढून टाकलं. म्हणजे गाडी तीच. आठवडाभर राहिलात तर सुट्टी, जन्मभर राहिलात तर गुन्हा.

आपल्याला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. ज्या १८७१ साली लंडनच्या पार्लमेंटनं बँक हॉलिडे दिली, त्याच साली इथल्या इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पालं पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्यातून सुटका व्हायला १९५२ साल उजाडलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण किती सहज वापरतो, पण बिऱ्हाड कोणाच्या पाठीवर आहे यावर सगळं ठरतं.

पुष्कळ हॉलिडे पार्क हिवाळ्यात बंद असतात, त्याचंही कारण यातच आहे. ते कायमचं घर होऊ नये, म्हणून परवान्यातच तशी अट असते. लिंकनशायरच्या सखल किनाऱ्यावर आणखी एक कारण आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र बांध फोडून आत शिरला आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. स्वस्त जागा स्वस्त का असते, याचं उत्तर कधी कधी असं मिळतं.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्या आणि लँकशायरच्या गिरण्या एकमेकांच्या स्पर्धक. आपल्या कामगाराला १९४८ च्या कारखाने कायद्यानं २० दिवस कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. पण गिरणगावात हॉलिडे कॅम्प निघाले नाहीत. मला वाटतं, कारण साधं आहे. लँकशायरचा कामगार सुट्टीत समुद्राकडे जायचा, तर आपला कितीतरी कामगार समुद्राकडूनच आलेला, रत्नागिरीचा, मालवणचा. त्यानं रजा साठवली ती गणपतीसाठी, शिमग्यासाठी. त्याची सुट्टी म्हणजे गाव. तिथे त्याचं घर होतं, आणि मुंबईत त्याच्या वाट्याला चाळीतली दहा बाय दहाची खोली किंवा गाळ्यातली वळकटी. कॅरॅव्हानमध्ये तर तो मुंबईतच राहत होता म्हणा ना!

स्टॅटिक कॅरॅव्हानला ब्रिटनमध्ये लोक नाकं मुरडतात. कळकट, स्वस्त, गावंढळ वगैरे. मुरडोत बापडे. मला तो डबा म्हणजे एका भांडणाच्या विजयाचं स्मारक वाटतो. आम्ही आयटीवाले रजा साठवतो, पुढच्या वर्षी ढकलतो, लॅप्स होऊ देतो आणि वर ते अभिमानानं सांगतो. पे-स्लिपच्या कोपऱ्यातला तो 'लीव्ह बॅलन्स' कंपनीनं प्रेमानं दिलेला नाही. आधीच्या कोणीतरी तो भांडून मिळवलाय, बऱ्याचदा स्वतः समुद्र न पाहता. तेव्हा शिल्लक असेल तर घ्या, आणि कुठेतरी जाऊन या. अगदी गावी गेलात तरी चालेल.

असो. चहा निवला. भेटू पुढच्या शनिवारी.