रावबहादूर बोले यांचा ठराव

दादरला सिद्धिविनायकाच्या देवळाकडे जाताना बोले रस्ता लागतो. युनियनच्या कामानिमित्त त्या रस्त्याने आम्ही वर्षानुवर्षे पायपीट केली. पण हे बोले कोण, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. पडला तो फार उशिरा, महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास वाचताना. १९८२ च्या गिरणीसंपात आमची शाळा सुटली. पुढले शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण आमच्याकडून करू नये.

सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा, भंडारी समाजातला. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्काराच्या सभेचे अध्यक्ष हेच होते. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले ती हीच सभा. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच बोले यांनी सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा काढली. रात्रशाळा चालविणे, 'कामगार समाचार' हे पत्र काढणे, मालक-मजुरांच्या तंट्यांत मध्यस्थी करणे, हे तिचे काम. आम्ही चळवळीत आलो तेव्हा असल्या संस्थांना अर्जविनंत्यांच्या संस्था म्हणून बाजूला सारीत असू. सरकारने ज्याला रावबहादूर केले तो कामगारांचा कसा, असा आमचा सरळ हिशेब होता. तो चुकला, हे कबूल करायला आम्हाला आज संकोच वाटत नाही.

१९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिले विस्तारली. मुंबईच्या कौन्सिलात बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. पुढल्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला, सरकारने खात्यांच्या प्रमुखांना तसे हुकूम पाठविले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले.

पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो सरकारला केलेली शिफारस. सरकार ती खाली पाठविते, आणि खालचा माणूस ती दप्तरात बांधून ठेवितो. हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. एका गावी सफाई कामगारांना किमान वेतन देण्याचा हुकूम आम्ही मोठ्या खटपटीने मिळविला होता. पेढे वाटले, मिरवणूक काढली. पुढल्या महिन्याचा पगार जुन्याच दराने झाला! हुकमाची प्रत दाखविली तर कारकून म्हणाला, "आमच्याकडे वरून काही आलेले नाही." तेव्हापासून हुकमाच्या दिवशी आम्ही पेढे वाटीत नाही.

बोले यांनाही हा अनुभव आला असला पाहिजे. तीन वर्षे वाट पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी ते कौन्सिलात पुन्हा उभे राहिले. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, अशी त्यांची मागणी. पहिल्या ठरावात भूतदया होती, असे कोणी म्हणेल. दुसऱ्यात मात्र निखळ व्यवहार आहे. ज्याला माणुसकीची लाज नाही त्याला निदान तिजोरीची चिंता असते, हे संघटना चालविणाऱ्यालाच सुचते. आमच्या मते बोले यांची थोरवी या दुसऱ्या ठरावात अधिक आहे, आणि तोच लोक विसरले.

तरीही तळ्याचे पाणी ठरावांनी हलले नाही. ते हलले २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा. नगरपालिकेने जे आधीच देऊ केले होते तेच ती घेत होती. तरी परतणाऱ्या लोकांना गावात मारहाण झाली. आणि नगरपालिकेने काय केले? आपला ठराव रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७. बोले यांचा ठराव मंजूर होऊन त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. हा योगायोगच असेल, पण आम्हाला तो फार लागला.

बोले यांनी गावजोशाच्या वंशपरंपरागत हक्काविरुद्ध बिल आणले, कोकणातल्या खोतीविरुद्ध आवाज उठविला. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. पुढे ते हिंदुमहासभेकडे वळले. तो मार्ग आम्हाला पटत नाही, पण त्यासाठी १९२३ चे पान फाडावे असेही वाटत नाही.

तळ्याचा दावा महाडहून मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. कौन्सिलातल्या ठरावानंतर चौदावे वर्ष चालू होते, आणि बोले सत्तरीला टेकले होते.